टक्का घसरतो तो वयामुळे नव्हे: सिस्टिक फायब्रोसिसच्या प्रौढ रुग्णांसाठी

सिस्टिक फायब्रोसिस असलेली मुले आता मोठी होत आहेत, कॉलेजात जात आहेत, नोकरी धरीत आहेत, क्वचित संसारालाही लागत आहेत. आणि त्यांच्या पालकांकडून, तसेच खुद्द त्यांच्याकडून, एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. फुंकण्याच्या चाचणीचा आकडा दरवर्षी थोडाथोडा खाली येतो, तो वयोमानाप्रमाणे येणारच असे समजून स्वस्थ बसावे, की त्यावर काही इलाज आहे? कित्येकांना दवाखान्यातून “आता वय वाढले, एवढे चालायचेच” असे उत्तर मिळालेले असते, आणि त्या उत्तराने मनाचे समाधान होत नाही म्हणूनच ते विचारतात. हे असमाधान योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, आणि पुढे कोणती पावले टाकावीत, याचा हा खुलासा.

वयाचा वाटा किती, आजाराचा किती

आपल्या स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकण्याच्या चाचणीच्या, अहवालात ‘एफ.ई.व्ही.1’ या ओळीसमोर सामान्यतः तीन आकडे असतात. आपण पहिल्या एका सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, लिटरमध्ये. त्याच वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी व्यक्तीकडून अपेक्षित असलेली हवा. आणि पहिल्या आकड्याचे दुसऱ्याशी असलेले शेकडा प्रमाण. पंचविशी-तिशीनंतर निरोगी माणसाचीही ही शक्ती वर्षाला सुमारे 25 ते 30 मिलिलिटरने उणावते हे खरे. परंतु ती उणीव अपेक्षित आकड्यातच धरलेली असते. म्हणजे वयाची वजावट आधीच झालेली असून, त्यानंतरही जर टक्का घसरला, तर ती घसरण वयाच्या खाती टाकता येत नाही.

एक काल्पनिक हिशेब पाहा. पंचविसाव्या वर्षी अपेक्षित हवा 3 लिटर आणि आपली 2.1 लिटर, म्हणजे 70 टक्के. दहा वर्षांनी अपेक्षित हवा 2.75 लिटरवर आली आणि आपण 1.65 लिटर फुंकली, म्हणजे 60 टक्के. एकूण गेलेल्या 450 मिलिलिटरपैकी वयाने नेले ते 175; उरलेले 275 मिलिलिटर आजाराने नेले, आणि इलाज करावयाचा आहे तो याच 275 चा. नव्या औषधांपूर्वीच्या काळात या आजारात टक्का वर्षाला सरासरी एक ते दोन गुणांनी घसरे, आणि घसरणीचा वेग वृद्धापकाळात नव्हे, तर किशोरवयात आणि ऐन तारुण्यात सर्वांत अधिक असे. ‘वय’ या शब्दाने येथे किती दिशाभूल होते, हे यावरून ध्यानी यावे.

चाचणी करविताना दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. चाचणी दर तीन महिन्यांनी, आणि शक्य तोवर त्याच प्रयोगशाळेत करावी. कारण अपेक्षित आकडा काढण्याची समीकरणे ठिकठिकाणी वेगळी असतात, 2012 ची जागतिक समीकरणे बदलून 2022 ची वापरू लागले की आपली फुप्फुसे होती तशीच असूनही टक्का हलतो. यास्तव लिटरचा आकडा आणि समीकरणाचे नाव दोन्ही आपल्या वहीत उतरवून ठेवावीत. दुसरे असे की, किमान तीन चांगल्या फुंकी व्हाव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोहोंत 150 मिलिलिटरहून अधिक अंतर नसावे. घाईने एकच फुंक घेऊन दिलेल्या अहवालावर औषध बदलू देऊ नये.

टक्का घसरला, तर प्रथम काय शोधावे

आपल्या नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याएवढी घट झाली, तर पुढील चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे आणि खालील बाबी एकेक करून तपासण्याचा आग्रह धरावा:

- थुंकीतील जंतू. स्यूडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, बर्कहोल्डेरिया यांसाठी थुंकीचे कल्चर दर तिमाहीस व्हावे. स्यूडोमोनास प्रथमच आढळला असता त्याचे उच्चाटन करता येते. तो एकदा घट्ट रुजला म्हणजे बहुधा जात नाही. म्हणून पहिल्या अहवालानंतरचे आठवडे मोलाचे.
- क्षयाचा शिक्का. आपल्या देशात ही बाब सर्वांत महत्त्वाची. थुंकीत आम्लस्थायी जंतू दिसले म्हणजे क्षयच, असे नव्हे; सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्षयेतर मायकोबॅक्टेरियाही तसेच दिसतात, आणि त्यांचा उपचार निराळा असतो. सीबीनॅट चाचणी आणि कल्चर यांचा निकाल येण्याआधी, केवळ एक्स-रे पाहून क्षयाची औषधे सुरू होत असतील, तर त्याचे कारण अवश्य विचारावे.
- अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी. धाप, तपकिरी गुठळ्यांचा बेडका आणि रक्तातील आय.जी.ई. चढलेले, अशी तिची लक्षणे. हिचा उपचार प्रतिजैविकांनी होत नाही. ओले गवत, खताचा खड्डा, धान्याचे कोंदट कोठार यांपासून दूर राहावे.
- मधुमेह. या आजारातील मधुमेह गुपचूप येतो. वजन आणि फुप्फुसाचा टक्का हे दोन्ही साखर चढल्याचे कळण्यापूर्वीच उतरू लागतात. दहा वर्षांच्या वयापासून दरवर्षी ग्लुकोज पिऊन दोन तासांची चाचणी करावी. तीन महिन्यांच्या सरासरीची जी सोयीची चाचणी सर्वत्र करतात, तिच्यावर येथे विसंबता येत नाही.
- वजन. प्रौढ पुरुषांत देहभारांक 23 आणि स्त्रियांत 22 राखण्याचे उद्दिष्ट असते.
- रोजच्या उपचारातील खंड. ही बाब कोणी दोषारोप म्हणून विचारू नये आणि आपणही लपवू नये. परीक्षा, बदली, लग्नकार्य, वसतिगृहातील संकोच, ही खंड पडण्याची खरी कारणे असतात. ती सांगितल्याशिवाय डॉक्टरांना औषध निकामी ठरले की घेतलेच गेले नाही, हे कळण्यास मार्ग नाही.

रोजचा परिपाठ

सर्व उपचारांचा पाया म्हणजे श्वासनलिकांतील चिकट कफ दररोज बाहेर काढणे. हे काम कंटाळवाणे, वेळखाऊ आणि दिसायला क्षुल्लक आहे, आणि नेमके त्याच कारणास्तव ते प्रथम सुटते. सर्वसाधारण क्रम असा: प्रथम श्वासनलिका रुंदावणारे औषध, नंतर 7 टक्के क्षाराच्या द्रावणाची वाफ, एका वेळी 4 मिलिलिटर, दिवसातून दोनदा, मग कफ काढण्याचा व्यायाम, आणि अगदी शेवटी, नळ्या मोकळ्या झाल्यावर, वाफेतून घ्यावयाचे प्रतिजैविक. उलट क्रमाने घेतल्यास महागडे प्रतिजैविक कफावरच बसून राहते. डोर्नेज अल्फा हे 1993 पासून वापरात असलेले औषध दिवसातून एकदा, 2.5 मिलिग्रॅम घेतात; ते शीतकपाटात ठेवावे आणि नेब्युलायझरमध्ये दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळू नये.

क्षाराच्या द्रावणाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण येथे स्वस्त आणि गुणकारी यांचा योग जुळून आला आहे. ऑस्ट्रेलियात 164 रुग्णांवर 48 आठवडे झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या वाफेने आजार उसळण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी झाले. कोट्यवधी रुपयांच्या मॉड्युलेटर गोळ्या (त्यांविषयी पुढे) ज्या घरात येणे शक्य नाही, त्या घरातही ही वाफ येऊ शकते. मात्र पहिला डोस दवाखान्यात, देखरेखीखाली घ्यावा. काहींच्या श्वासनलिका त्याने आवळल्या जातात. घरी मीठ-पाणी कालवून हे द्रावण कदापि करू नये.

कफ काढण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि आपल्याकडून नित्य होईल ती पद्धत सर्वांत चांगली. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेण्याची एक पद्धत येथे थोडक्यात देतो. प्रथम काही श्वास शांतपणे, पोटाने घ्यावेत. मग तीन-चार श्वास दीर्घ घेऊन प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद आत धरावा, जेणेकरून हवा कफाच्या मागे शिरेल. पुन्हा काही शांत श्वास. नंतर मध्यम श्वास घेऊन, तोंड आणि गळा मोकळा ठेवून, चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतो तसा पण अधिक जोरकस ‘हाऽऽ’ असा उच्छ्वास टाकावा. कफ वर सरकल्याची घरघर जाणवली म्हणजे मगच एकदा खोकावे. सारखे खोकत राहिल्याने छाती थकते आणि नळ्या मिटतात. हे चक्र कफ निघेनासा होईपर्यंत फिरवावे. चालणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार यांनी फुप्फुसांना उपकारच होतो. परंतु व्यायाम केला म्हणून कफ काढण्याचे काम झाले, असे धरू नये.

नेब्युलायझरचे भांडे प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि दिवसातून एकदा, उत्पादकाची परवानगी असल्यास, पाच मिनिटे उकळून निथळत कोरडे करावे. नळाच्या पाण्याने शेवटचा हात फिरवू नये. व्हिनेगरने जंतू पुरते मरत नाहीत. फडक्यात गुंडाळून ओलेच ठेवलेले भांडे हे स्यूडोमोनासचे माहेर होय.

आठवड्यातून तीनदा घ्यावयाचे अ‍ॅझिथ्रोमायसिन स्यूडोमोनास रुजलेल्यांना लाभदायक ठरते. तथापि ते सुरू करण्यापूर्वी क्षयेतर मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खातरजमा व्हावी, अन्यथा एकट्या या औषधाने ते जंतू निर्ढावतात. दम्याची किंवा बुरशीच्या अ‍ॅलर्जीची खूण नसताना वर्षानुवर्षे स्टेरॉइडचा पंप ओढीत राहण्याला मात्र आधार नाही. तो आपल्याला का दिला आहे, हे एकदा विचारून घ्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामावाटे क्षार अतोनात जातात. त्या दिवसांत मीठ आणि पाणी वाढविणे हा पथ्याचाच भाग आहे.

आजार उसळला असता

खोकला वाढला, बेडक्याचा रंग गडद झाला, भूक मेली, जिना चढताना पूर्वी लागत नसे ती धाप लागू लागली, तर ‘हवापालटाचा परिणाम’ म्हणून आठवडा घालवू नये. अशा प्रत्येक उसळीनंतर सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचा टक्का पूर्वपदावर येतच नाही. वर्षावर्षाची म्हणून जी घसरण दिसते, तिचा मोठा हिस्सा या अर्धवट भरून आलेल्या उसळ्यांचा असतो. शिरेतून द्यावयाच्या प्रतिजैविकांची मुदत किती, याचेही उत्तर आता मिळाले आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार, ज्यांना लवकर गुण येतो त्यांना 10 दिवस 14 दिवसांइतकेच पुरतात, आणि ज्यांना उशिरा येतो त्यांना 14 दिवस 21 इतकेच. उपचार संपल्यावर पुन्हा फुंकून पाहिल्याशिवाय ‘बरे झाले’ असे मानू नये. अमिकासिन, टोब्रामायसिन यांसारखी औषधे सुरू असता मूत्रपिंड आणि श्रवण यांची तपासणी मागून घ्यावी, आणि त्या काळात आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावीत.

दोन प्रसंगी मात्र विलंब नको. थुंकीतून चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर किंवा अधिक रक्त पडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. भरपूर पडले, तर क्षाराची वाफ आणि छातीचा व्यायाम थांबवून तडक रुग्णालय गाठावे. आणि छातीत एकाएकी कळ येऊन दम कोंडला, तर फुप्फुसाभोवती हवा साठल्याचा संशय धरावा.

मॉड्युलेटर गोळ्या: कोणाला, कशा

2012 मध्ये आयव्हाकॅफ्टर आणि 2019 मध्ये एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर व आयव्हाकॅफ्टर यांची त्रयी अमेरिकेत मंजूर झाली, आणि या आजाराचे भवितव्य बदलले. त्रयीच्या मुख्य चाचणीत 403 रुग्ण होते. 24 आठवड्यांत टक्का सरासरी 14 गुणांनी चढला आणि उसळ्या 63 टक्क्यांनी घटल्या. या आजाराच्या मुळाशी असलेल्या दोषयुक्त प्रथिनाला नीट घडवून पेशीच्या पृष्ठभागी पोहोचविणे आणि तेथे उघडे ठेवणे, हे या गोळ्यांचे काम; जे ऊतक आधीच झिजले, ते त्या परत आणीत नाहीत. म्हणून त्या जितक्या लवकर, तितक्या बऱ्या.

येथे पहिले पाऊल आपल्या जनुकीय चाचणीचा संपूर्ण अहवाल हाती असणे हे होय. पाश्चात्त्य देशांत एफ508डेल हा दोष बहुसंख्य रुग्णांत सापडतो. भारतीय रुग्णांत तो त्या मानाने पुष्कळ कमी असून, इतर विरळ दोष बरेच आढळतात. यास्तव ठरावीक मोजक्या दोषांची स्वस्त चाचणी ‘काही आढळले नाही’ असे सांगते, तेव्हा संपूर्ण जनुकाचे वाचन करून घ्यावे. गोळ्या सुरू झाल्यास:

- त्या स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्याव्यात.
- यकृताच्या चाचण्या आधी आणि नंतर ठरल्या मुदतीने कराव्यात. मनःस्थितीत बदल जाणवला, तर तोही सांगावा.
- क्षयावरील रिफॅम्पिसिनने या गोळ्यांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, तर बुरशीवरील इट्राकोनॅझोलने त्यांची मात्रा रक्तात चढते. दोन दवाखाने, दोन चिठ्ठ्या आणि मध्ये कोणाचे लक्ष नाही, अशी स्थिती होऊ देऊ नये.

गोळ्या मिळाल्यावर वाफ सोडावी काय, हाही प्रश्न वारंवार येतो. त्रयी घेणाऱ्या आणि चांगली फुप्फुसे असलेल्या रुग्णांनी क्षाराची वाफ किंवा डोर्नेज यांपैकी एक सहा आठवडे थांबविले असता टक्का ढासळला नाही, असे एका अभ्यासात दिसले. परंतु सहा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, आणि ज्यांना गोळ्याच मिळालेल्या नाहीत, त्यांना हा निष्कर्ष मुळीच लागू नाही.

खर्च, अर्ज आणि आपले हक्क

2019 मध्ये मंजूर झाली तेव्हा या त्रयीची अमेरिकेतील दर्शनी किंमत वर्षाला सुमारे 3 लाख डॉलर होती. एवढ्या रकमेपुढे सामान्य कुटुंब हतबल होते. तरीही पुढील वाटा चोखाळण्याजोग्या आहेत:

- दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण, 2021. यात सिस्टिक फायब्रोसिसचा उल्लेख आहे: स्वादुपिंडाच्या विकरांसाठी दुसऱ्या गटात, पोटेंशिएटर (सदोष प्रथिन उघडे ठेवणाऱ्या) औषधांसाठी तिसऱ्या गटात. 2022 मधील दुरुस्तीनुसार मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रामार्फत 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ते केंद्राकडे जाते, रुग्णाच्या हाती नव्हे. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे असे केंद्र आहे. आजन्म घ्यावयाच्या औषधाला ही रक्कम अपुरीच. तथापि नोंदणीत हयगय करू नये, कारण दप्तरी ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी तजवीज होत नसते.
- आयात. देशात न मिळणारे औषध स्वतःच्या उपयोगासाठी आणण्यास नमुना 12-अ मध्ये अर्ज करून 12-ब चा परवाना घ्यावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून, या धोरणात नमूद आजारांची व्यक्तिगत उपयोगासाठी आणलेली औषधे मूळ सीमाशुल्कातून मुक्त आहेत. त्यासाठी आरोग्य सेवा संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचा दाखला लागतो. तो माल येण्यापूर्वी काढून ठेवावा.
- धर्मादाय रुग्णालये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-कक अन्वये, अशा मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका सोबत ठेवावी. दाद न मिळाल्यास तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे.
- विमा. प्रस्तावपत्रात आजार स्पष्ट लिहावा. पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षेची मुदत आता 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. आणि ‘आनुवंशिक’ एवढ्याच सबबीवर सरसकट दावा नाकारणे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये भेदभावाचे ठरविले आहे. नकार आला, तर तो लेखी मागावा.
- कागदपत्रे. आपल्या उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून 72 तासांत मिळणे, हा आपला हक्क आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील 21 प्रकारांत हा आजार नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे आमिष दाखवून पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध असावे.

वय खरोखर वाढते, तेव्हा

चाळिशी गाठणाऱ्यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सुरू करावी, कारण या आजारात त्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो आणि तो लवकर येतो. हाडांची घनता, रक्तदाब, मूत्रपिंडे आणि श्रवण यांची नियमित पाहणी व्हावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. घरातील धूम्रपान आणि चुलीचा धूर यांना परवानगी नसावी.

प्रत्यारोपणाची गोष्ट वेळेवर काढावी

फुप्फुस प्रत्यारोपणाचा विषय काढणे म्हणजे आशा सोडणे, अशी समजूत कुटुंबात आणि कधी डॉक्टरांतही असते. तिच्यापायी रुग्ण प्रत्यारोपण केंद्रात पोहोचतो तो शस्त्रक्रिया सोसण्याचे बळ गेल्यावर. एफ.ई.व्ही.1 पन्नास टक्क्यांखाली असून झपाट्याने उतरू लागला, अथवा चाळीस टक्क्यांखाली असून भरीला वारंवार उसळ्या, रक्त पडणे किंवा खंगणे असेल, तर प्रत्यारोपण केंद्राकडे पाठविण्याची वेळ झाली. तीस टक्क्यांखाली गेल्यावर तर विचारच करीत बसू नये. पाठविणे म्हणजे यादीत नाव घालणे नव्हे. तेथे वजन, जंतू, मधुमेह यांपैकी काय सुधारावयाचे ते कळते, आणि सुधारण्यास अवधी मिळतो. या आजारात दोन्ही फुप्फुसे बदलावी लागतात, कारण एक जुने ठेवल्यास त्यातील जंतू नव्यात उतरतात. 2023 पासून अवयवाच्या नोंदणीसाठी अधिवासाचा दाखला लागत नाही; महाराष्ट्रातील रुग्ण चेन्नईच्या वा हैदराबादच्या केंद्रातही नाव नोंदवू शकतो, मात्र नोंदणी एकाच रुग्णालयामार्फत होते. आपला टक्का यांपैकी कोणत्याही रेषेजवळ आला असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विषय काढण्याची वाट पाहू नका, आपणच काढा.